शाळा भरण्याआधी रिकाम्या शाळेत एक फेरी

दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी असलेल्या मुलाला पहिलीत घालताय? मग जूनची गर्दी सुरू व्हायच्या आत मुख्याध्यापकांना विचारून त्याला रिकाम्या शाळेत नेऊन आणा. फाटकापासून वर्गापर्यंत, तिथून स्वच्छतागृह आणि पाण्याच्या नळापर्यंत. हात धरून ओढू नका; त्याला तुमचा हात कोपराजवळ धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. पायऱ्या, उंबरा, व्हरांड्यातला खांब हातापायांना कळू द्या. दाराच्या चौकटीला त्याच्या हाताच्या उंचीवर खरखरीत कापडाची पट्टी चिकटवली की आपला वर्ग त्याला स्वतः ओळखता येतो.

भरवायची सवय मे महिन्यातच सुटू द्या. डबा उघडणं, पोळीचा तुकडा मोडणं, बाटलीचं झाकण लावणं. ब्रेल येईल हो सावकाश, आधी चड्डीचं बटण!

बाईंना सांगा, फळ्यावर लिहिताना मोठ्याने वाचा आणि बोलताना आधी त्याचं नाव घ्या.

‘आमच्याकडे जमणार नाही’ असं कोणी म्हटलं तर परत फिरू नका. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात करा.