गोधडीकामाची प्रवासी बॅग: आधी टाके, मग माप

मशीन चालवता येतं, सरळ शिलाई मारता येते, अस्तर म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढं गृहीत धरून लिहितोय. तुकडे जोडून, मध्ये बॅटिंग (दोन कापडांमधला मऊ भरावाचा थर) घालून, वर टाके मारून शिवलेली प्रवासी बॅग नवख्याच्या आवाक्यातली आहे. पण ती बिघडते नेमकी एका जागी, आणि ती जागा शिवण्याची नसून कापण्याची आहे. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या एकाच गोष्टीवर जाणार आहे.

आधी बॅगेचं माप ठरवू. बैठक, म्हणजे बॅगेचा तळ, 17 बाय 8 इंच, बैठकीच्या कडेपासून तोंडापर्यंत बाजू 12 इंच, वर सरळ चेन. बॅग वर निमुळती होते, त्यामुळे उभी उंची 11 इंचांच्या थोडी वर भरते. दोन दिवसांचे कपडे आरामात मावतात. यासाठी पुढचा आणि मागचा असे दोन पाट लागतात, प्रत्येकी 26 बाय 17 इंच. हिशोब असा: रुंदीला बैठकीची लांबी 17, खोली 8 आणि दोन्हीकडची माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड) मिळून 1. उंचीला बाजू 12, खोलीचे निम्मे 4, आणि वर-खाली अर्धा-अर्धा इंच माया.

आता सापळा. बहुतेक नवखे 26 बाय 17 चं कापड कापतात, तेवढंच बॅटिंग कापतात आणि टाके मारायला बसतात. टाके संपल्यावर पाट 25 इंचही भरत नाही. घाबरून जाऊ नका, तुमच्या हातात दोष नाही. टाका पडला की कापड बॅटिंगमध्ये दबतं आणि दोन ओळींमधला भाग फुगतो. आधी सपाट असलेलं कापड आता चढ-उतारावरून जातं, आणि चढ-उतारावर खर्च झालेलं कापड सरळ लांबीतून वजा होतं. दीड-दीड इंचावर ओळी मारल्या तर 30 इंचांत 20 फुगवटे येतात. प्रत्येकाने अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाल्लं, तर 10 सूत, म्हणजे सव्वा इंच गेला. ओळी जवळ घेतल्या की फुगवटे वाढतात आणि घटही वाढते. ओळी एकाच दिशेने मारल्या तर ओळींना आडवी घट जास्त, ओळींच्या लांबीत कमी, आणि मग पाट लांबीला एक आणि रुंदीला भलतंच माप दाखवतो.

यावर दोन चुका होतात. पहिली, पाट ओढून मापाला बसवणे. ओढलेला पाट शिवताना बसतो, पण मशीनवरून काढला की परत आत जातो आणि बॅग पिळवटते. शिकवणारं कुणी "ओढून घे, बसेल" म्हणालं, तर तो सल्ला मनावर घेऊ नका. दुसरी चूक अस्तराची. अस्तरावर टाके नसतात, म्हणून ते घटत नाही. मूळ मापाने आधीच कापून ठेवलेलं अस्तर घटलेल्या पाटाला मोठं होतं, आत पिशवीसारखं लोंबतं आणि चेनमध्ये अडकतं.

म्हणून क्रम असा: मोठा पाट जोडा, त्यावर टाके मारा, मगच 26 बाय 17 ला कापा. आणि अस्तर त्यानंतर. या क्रमाला अपवाद नाही.

किती मोठा जोडायचा, हे अंदाजाने ठरवू नका. त्याच कापडाचा, त्याच बॅटिंगचा 12 इंची चौकोन घ्या. त्यावर पेन्सिलीने 10 इंचांची एक उभी आणि एक आडवी रेघ आखा. बॅगेवर मारणार तशाच टाक्यांनी शिवा आणि रेघा पुन्हा मोजा. समजा 10 इंचांचे 9 इंच 5 सूत झाले. 26 ला 9.625 ने भागा, 10 ने गुणा: 27 इंच. म्हणजे घटीपुरतेच 27 लागतात. शिवाय कडेला टाके सुरू होतात तिथे पाट वेडावाकडा होतो, तो छाटायला दोन्हीकडे दीड-दीड इंच धरा. झाले 30. नमुन्याला अर्धा तास लागतो. तो वाचवायला गेलात, तर जोडलेले सगळे तुकडे पणाला लागतात.

आता प्रत्यक्ष जोडणी. तुकडे साडेतीन इंचांचे चौकोन, जोडल्यावर 3 इंचांचे दिसतील. एका पाटाला आडवे 10 आणि उभे 5, म्हणजे 50. दोन पाटांना 100. खाली बैठकीसाठी जाड कापडाची (कॅनव्हास किंवा डेनिम) साडेतीस बाय 6 इंचांची एक-एक पट्टी. बैठक जमिनीला घासते, तिथे नाजूक तुकडे वाया जातात.

कापड सुती असू द्या आणि सगळं धुऊन घ्या. गडद लाल आणि निळे वेगळे भिजवून रंग सुटतो का ते बघा. ताणणारं कापड आणि सुती एकत्र जोडू नका, टाके मारताना ताणणारं कापड पळतं. चौकोन धाग्याला धरून कापा. तिरपा कापलेला चौकोन इस्त्रीखाली लांबतो.

जोडताना माया पाव इंच, म्हणजे दोन सूत. इथे अर्ध्या सुताची चूक क्षुल्लक वाटते, पण ती दोन्ही तुकड्यांतून जाते. एका सांध्यात एक सूत गेलं, 9 सांध्यांत 9 सूत, म्हणजे सव्वा इंचाला एक सूत कमी. तीन चौकोन जोडून मधला मोजा. बरोबर 3 इंच असेल तर पुढे जा, नसेल तर सुईची जागा बदला. चौकोन एकेक जोडण्यापेक्षा साडेतीन इंची लांब पट्ट्या जोडून मग आडव्या कापल्या, तर काम निम्म्यावर येतं. या शॉर्टकटला माझी पूर्ण संमती आहे, कारण त्यात अचूकता कमी न होता वाढते. एका ओळीची माया डावीकडे, पुढच्या ओळीची उजवीकडे दाबून इस्त्री करा, म्हणजे सांधे एकमेकांत अडकून नीट जुळतात. इस्त्री दाबून उचला, घासत नेऊ नका.

बॅटिंग पातळ घ्या, पाव इंचापेक्षा जाड नको. फुगीर बॅटिंगची बॅग बघायला गुबगुबीत दिसते, पण कोपऱ्यांत घरगुती मशीन अडतं. खाली साधं पातळ सुती कापड लागतं, ते अस्तराआड झाकलं जातं, तेव्हा कसंही चालेल. बॅटिंग आणि हे खालचं कापड चारही बाजूंनी 2 इंच मोठं ठेवा. तिन्ही थर सपाट पसरून मधून बाहेर हात फिरवत सेफ्टी पिना लावा, दोन पिनांमध्ये वीतभर नव्हे, चार बोटं अंतर. पिनांमध्ये कंजुषी केली की मागे चुण्या पडतात, आणि त्या शिवून झाल्यावरच दिसतात.

टाक्यांसाठी सुई 14 नंबर, टाका 3 ते साडेतीन मिलिमीटर. वॉकिंग फूट (वरचा थरही पुढे नेणारा मशीनचा पाय) असेल तर लावाच. साध्या मशीनमध्ये खालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा पाय वरचा थर अडवतो, म्हणून वरचं कापड मागे राहत जातं आणि शेवटी घडी पडते. वॉकिंग फूट दोन्ही थर सारखे ओढतो. तो नसेल तर पायाचा दाब कमी करा, हळू शिवा, काम होतं. पहिली ओळ पाटाच्या मधोमध, मग बाहेरच्या दिशेने. दीड इंचांची चौकट, उभ्या आणि आडव्या दोन्ही ओळी, म्हणजे घट दोन्हीकडे जवळपास सारखी. दोन्ही पाट एकाच रचनेचे, एकाच सेटिंगवर शिवा. एकावर दाट आणि दुसऱ्यावर विरळ टाके मारले, तर रचना आणि ओळी बाजूच्या शिवणीत जुळत नाहीत.

आता छाटणी. जाड पट्टी आणि चौकोनांचा सांधा शोधा. त्याच्या खाली बरोबर साडेचार इंचांवर रेघ मारून कापा. तिथून वर 17 इंच मोजून वरची कड कापा. असं केलं की सांधा नेमका बैठकीच्या कडेवर येतो आणि बाहेरून बाजूंवर फक्त चौकोन आणि बैठकीला फक्त जाड कापड दिसतं. रुंदी मधोमध धरून 26. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्णांनी तपासा, दोन्ही कर्ण सारखे हवेत. लगेच कडेपासून एक सूत आत चारही बाजूंनी शिलाई मारा. कापलेल्या टाक्यांची टोकं सुटतात आणि कड ताणून लांब होते. ताणलेल्या कडेवर चेन लावली की ती लाटांसारखी दिसते.

मग खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून 4 इंचांचे चौकोन काढा, कापलेल्या कडेपासून मोजून. त्यात माया वेगळी मिळवायची नाही, खोलीच्या निम्मे म्हणजे 4. अस्तरही याच मापाने, याच चौकोनांसह कापा.

पट्टे दीड इंच रुंदीचे, प्रत्येकी 52 इंच. पट्ट्याचे दोन पाय, म्हणजे दोन्ही टोकांचे उभे भाग, खालच्या शिवणीतून सुरू होऊन वरच्या कडेच्या 2 इंच खाली थांबू द्या, दोन पायांत 9 इंच अंतर. पट्टा फक्त वरच्या बाजूला शिवला, तर सगळं वजन काही टाक्यांवर येतं. बैठकीपासून नेला तर वजन बैठक उचलते. थांबतो त्या जागी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई मारा, मागे जाड कापडाचा तुकडा ठेवून.

चेन 5 नंबरची, 23 इंच कापून दोन्ही टोकांना कापडाच्या पट्ट्या जोडा, एकूण 26. दाते बाजूच्या शिवणीत आले की सुई मोडते. पाट सुलटा वर, चेन उलटी, त्यावर अस्तर उलटं, आणि कडेपासून 3 सूत अंतरावर शिलाई. दुसरी बाजूही तशीच. मग चेन अर्धी उघडा. ही पायरी विसरली तर बंद चेनची बॅग उलटवता येत नाही आणि उसवावं लागतं.

पाटाला पाट, अस्तराला अस्तर लावून बाजू आणि तळ शिवा. बाहेर माया 4 सूत, अस्तरात हळूहळू 5 सूत, म्हणजे अस्तर आत घट्ट बसतं. अस्तराच्या तळाशी 9 इंच जागा उघडी सोडा. शिलाईच्या मायेतलं बॅटिंग कात्रीने काढून टाका, नाहीतर कोपऱ्यात जाडी इतकी होते की पाय वर चढत नाही. मग कापलेल्या कोपऱ्यांत बाजूची आणि तळाची शिवण समोरासमोर आणून कोपरे शिवा. कोपऱ्यांसाठी सुई 16 नंबर. जाड सांध्यावर हातचाकाने टाके घ्या आणि कापड ओढू नका, ओढल्याने सुई वाकून खालच्या प्लेटवर आदळते. पाय तिरका चढत असेल तर मागे कापडाची घडी ठेवून त्याची उंची सारखी करा.

शिकवणारा निवडायचा असेल तर त्याने शिवलेली बॅग उलटी करून आतून बघा. आत अस्तर लोंबत नसेल आणि कोपऱ्यांत दोन शिवणी नेमक्या समोरासमोर येत असतील, तर त्याच्याकडे जा. भरभर पळणाऱ्या व्हिडिओंमध्ये छाटणीचा भाग हमखास गाळलेला असतो, त्यावर विसंबू नका.

बॅग उलटवली की अस्तराची उघडी जागा आतून हाताने शिवा. मग कपडे ठासून भरा, दोन्ही पट्ट्यांनी उचला आणि फुलीच्या शिलाईजवळ कापडाला भोकं दिसतात का ते बघा. दिसली तर आत्ताच मागे आणखी एक तुकडा लावा.