उन्हाळ्यात जुन्या गाडीच्या बॅटरीचं पाणी

अकोला, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर गेला की जुन्या मोटरसायकलच्या पाण्याच्या बॅटरीची पातळी दर पंधरवड्याला बघा. पाणी खालच्या रेषेखाली जाऊन प्लेटा उघड्या पडल्या, की बॅटरी गेलीच समजा. भरायचं फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या रेषेपर्यंतच. ॲसिड नाही, आणि बोअरचं क्षाराचं पाणी तर मुळीच नाही. जास्त भरलं तर व्हेंट पाइपातून ॲसिड चेनवर सांडतं.

तरीही पाणी भराभर आटत असेल तर उन्हाला दोष देऊ नका. इंजिन रेस करून बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट ठीक. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट, म्हणजे चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, जास्त चार्ज करतंय. नवं घेण्याआधी त्याचं अर्थिंग घासून बघा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. बॅटरी खोलताना आधी निगेटिव्ह काढा.