गावाकडचं घर सुधारायचं आहे? मग कामांचा क्रम असा लावा

गावातल्या घराच्या सुधारणेचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास सौर पॅनलचा येतो आणि दुसरा अनुदानाचा: ‘आत्ता घेऊ, की नवी योजना येईपर्यंत थांबू?’ प्रश्न रास्त आहेत, पण ते विचारायची वेळ बरीच नंतर येते. गळक्या छतावर पॅनल चढवणारी आणि जुनाट वायरिंगला बॅटरी जोडणारी घरं काही कमी नाहीत.

धोरणांच्या भरवशावर बेत आखला तर काय होतं, याचे दाखले जगभर आहेत. छतावर तयार होणाऱ्या विजेला ठरलेला दर देणारी ब्रिटनची योजना २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. स्पेनने २०१५ मध्ये घरच्या घरी वापरलेल्या सौर विजेवरच आकार बसवला. लोकांनी त्याला ‘सूर्यावरचा कर’ असं नाव ठेवलं आणि २०१८ मध्ये तो रद्द झाला. कॅलिफोर्नियात एप्रिल २०२३ पासून नव्या जोडण्यांना ग्रीडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) दिलेल्या विजेचा मोबदला पूर्वीच्या साधारण पाव भागावर आला. अमेरिकेत घरगुती सौरऊर्जेवरची ३० टक्के करसवलत २०३२ पर्यंत राहील, असं २०२२च्या कायद्याने ठरवलं होतं. २०२५च्या कायद्याने ती त्याच वर्षाच्या अखेरीस संपवली.

हवामान-धोरणावर वाद व्हायलाच हवेत, पण ते मिटेपर्यंत घर काही थांबत नाही. म्हणून ज्या कामाचा फायदा कुठल्याही सरकारच्या निर्णयावर अवलंबून नाही ते आधी करावं आणि ज्याचं गणित दर-सवलतींवर बेतलेलं आहे ते शेवटी. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. आधी मीटर वाचायला शिका

पैसे खर्च करण्याआधी एक महिना नुसती नोंद ठेवा. रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहायचा, बाकी काही नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि जवळच ३२०० किंवा तसाच एखादा आकडा छापलेला असतो. तो दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. आता घरातलं सगळं बंद करा. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर वीज कुठेतरी झिरपतेय, किंवा एखादं यंत्र बंद दिसत असूनही चालू आहे. मग एकेक उपकरण सुरू करून मिनिटभर लुकलुक मोजा. ३२०० च्या मीटरवर मिनिटात ३२ वेळा दिवा लागला, तर ते उपकरण ६०० वॅट ओढतंय. वेगळं यंत्र विकत न घेता घरातला खादाड कोण ते कळतं, आणि बऱ्याचदा तो आपल्याला वाटला होता तो नसतो.

२. पाणी घरापासून लांब न्या

ऊर्जेच्या लेखात पाणी कशाला, असं वाटेल. पण ओली भिंत थंडीत घर गार करते, दमटपणा वाढवते, वायरिंग खराब करते आणि तिच्यावर केलेलं पुढचं प्रत्येक काम वाया घालवते. शिवाय हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोरात कोसळण्याची शक्यता वाढते. जुन्या पन्हाळी त्या हिशेबाने केलेल्या नसतात. नवी पन्हाळ घालायचीच असेल तर एक माप मोठी घ्या, उतरता पाइपही मोठा घ्या, आणि जोत्याभोवतीची जमीन घराकडून बाहेर उतरती करून घ्या. १०० चौरस मीटर छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं. ते जोत्याशी मुरवायचं की टाकीत साठवायचं, हे तुम्हीच ठरवा.

३. मातीच्या भिंती असतील तर थांबा

हे काम नसून न करण्याचं काम आहे, आणि सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. मातीची भिंत जुनी दिसते म्हणून तिला सिमेंटचा गिलावा देतात. दोन-तीन वर्षं घर चकचकीत दिसतं, मग गिलाव्याला बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी आत जातं, पण सिमेंटच्या थरातून ते सहज बाहेर पडत नाही. माती आतल्या आत भिजते, भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा मातीसकट खाली येतो. भिंतीवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. आवाज पोकळ आला तर तिथे गिलावा सुटलेला आहे. तेवढा भाग काढून चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा. त्यातून ओल बाहेर पडते. गिलावा करताना जोत्याजवळचा हात-दीड हात भाग आणि खिडक्यांखालची जागा विशेष नीट बघा.

चांगली राखलेली, फूटभर जाडीची मातीची भिंत दुपारची उष्णता आत पोचायला आठ-दहा तास लावते. तिच्या जागी पातळ विटांची भिंत उभी करून वर वातानुकूलन यंत्र लावणं म्हणजे जे फुकट मिळत होतं ते विकत घेणं. त्यात सिमेंटनिर्मितीतून जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनाचा सुमारे ७ ते ८ टक्के भाग येतो. जुनं घर डागडुजी करून टिकवणं हा हवामानासाठीही मोठा वाटा आहे, फक्त त्याची जाहिरात कुणी करत नाही.

भिंत कललेली असेल, तुळई वाकली असेल किंवा वाळवी लाकडाच्या आतपर्यंत गेली असेल, तर मात्र जाणकार गवंडी किंवा अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. छत

उन्हाळ्यात घर तापतं ते मुख्यतः वरून. भर दुपारी गडद रंगाचं छत ६५ अंशांच्या पुढे जाऊ शकतं, तर त्याच उन्हात ऊन परतवणारा पांढरा थर दिलेलं छत २५ ते ३० अंशांनी कमी तापतं.

आधी गळती काढा, मग छत धुऊन पूर्ण वाळवा, आणि त्यानंतरच रंग द्या. ओलसर पृष्ठभागावर दिलेला थर पहिल्याच पावसात सुटतो. धूळ बसली की पांढऱ्या छताचा गुण उतरतो, म्हणून उन्हाळा लागण्याआधी एकदा धुवावं. पत्र्याचं छत असेल तर नुसता रंग पुरत नाही. पत्र्याखाली हाताएवढी पोकळी सोडून आतून दुसरं छत (सीलिंग) मारा आणि पोकळीतली तापलेली हवा निघायला दोन्ही टोकांना जाळी लावलेले झरोके ठेवा. चकाकणारा फॉइलचा थर लावणार असाल तर त्याची चकाकती बाजू पोकळीतल्या हवेकडे हवी. दोन थरांमध्ये घट्ट दाबून बसवला तर त्याचा उपयोग राहत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडे घासू नका, कापू नका, भोकं पाडू नका.

कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात हेच गणित उलटं होतं. तिथे पांढऱ्या रंगापेक्षा छताखाली उष्णतारोधक थर आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवणं जास्त कामाचं. वाऱ्याच्या दिवशी पेटलेली उदबत्ती चौकटीभोवती फिरवा, धूर कुठे ओढला जातो ते दिसेल. मात्र ज्या खोलीत शेगडी, चूल किंवा गॅसचा हीटर चालतो ती कधीही पूर्ण बंद करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

५. सावली

पश्चिमेचं ऊन सगळीकडेच त्रासदायक असतं, कारण ते तिरपं येतं आणि सज्जाला जुमानत नाही. त्या बाजूला झाड, वेल किंवा बाहेरून लावलेला पडदा हवा. खिडकीच्या आत लावलेल्या पडद्यापर्यंत पोचलेली उष्णता एव्हाना घरात आलेली असते. हिवाळ्यात ऊन हवं असेल तर पानं गाळणारं झाड निवडा.

६. वायरिंग आणि अर्थिंग

इथे काटकसर नको. जुनी वायर दोन दिव्यांसाठी घातलेली असते आणि तिच्यावर आज फ्रिज, मिक्सर, गिझर लोंबकळत असतात. पाण्याच्या मोटारीची ओळ वेगळी काढा, जड उपकरणांना स्वतंत्र ब्रेकर द्या, आणि ३० मिलिॲम्पिअर वीज गळली की पुरवठा तोडणारं उपकरण (आरसीसीबी) बसवून घ्या. त्यावर चाचणीचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. विजा कडाडणाऱ्या भागात विद्युतदाबाच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरणही लावा. सोलर इन्व्हर्टर महागडी वस्तू आहे, आणि अर्थिंग धड नसलेल्या घरात ती फार दिवस टिकत नाही.

७. मोटार, पंखे, दिवे

शहरातल्या घरात जो मान वातानुकूलन यंत्राचा, तो गावात मोटारीचा. एका अश्वशक्तीची मोटार चालू असताना साधारण एक किलोवॅट ओढते. टाकी भरायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय का, हे आठवा. लागत असेल तर नवी मोटार घेण्याआधी फूट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपाच्या टोकाची झडप) गळतोय का, सांध्यातून हवा शिरतेय का, पाण्याची पातळी खाली गेलीय का, हे क्रमाने बघा. आणि पाइपाकडे लक्ष द्या. तितकंच पाणी निम्म्या व्यासाच्या पाइपातून ढकलायचं तर घर्षणात वाया जाणारी ताकद तीसेक पट होते. बारीक पाइप आणि चार-पाच एल्बो यांमुळे चांगली मोटारही नुसती धापा टाकते. एक माप मोठा पाइप हा बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त ‘ऊर्जाबचत प्रकल्प’ ठरतो.

साधा छताचा पंखा ७० ते ८० वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा) ३० ते ३५. दिवसभर चालणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ओढा. सहज निसटला तर रबराची पट्टी बदला.

८. स्वयंपाकाचं इंधन

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. म्हणून स्वयंपाकघरातला धूर हा हवामानाच्या वादाआधीचा, फुप्फुसांचा प्रश्न आहे. लाकूड वापरावंच लागत असेल तर धुराडं हवं आणि लाकूड निदान एक हंगाम आडोशाला वाळवलेलं हवं. ओल्या लाकडाची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते.

घरी गुरं असतील तर बायोगॅस बघा, पण शेणाचा हिशेब प्रामाणिकपणे करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकंच पाणी लागतं. गुरं दिवसभर बाहेर चरत असतील तर तेवढं शेण हाती येत नाही आणि संयंत्र बंद पडतं. कडक थंडीत गॅस कमी होतो, हेही धरून चाला. पाइपचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासत राहा. या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त मिथेन असतो. तो जळण्याऐवजी गळाला तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास तापमानवाढ करतो.

९. आता सौर पॅनल

इथपर्यंत आलात तर विजेची गरज बरीच उतरलेली असेल आणि पॅनल कमी लागतील. चांगल्या उन्हाच्या भागात एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला सरासरी चारेक युनिट देतात. विकून मिळणाऱ्या पैशावर भिस्त न ठेवता तुमच्या दिवसाच्या वापराला पुरतील इतकेच घ्या. ब्रिटन आणि कॅलिफोर्नियातल्या बदलांत विजेच्या दरावर बेत आखलेल्या नव्या ग्राहकांचं गणित बिघडलं. घरात वापरलेलं युनिट मात्र, स्पेनसारखा अपवाद सोडला तर, बिलात वाचतंच. म्हणून मोटार, धुणं, इस्त्री अशी कामं दुपारी उरका.

विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत अशी गोष्ट: ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःही बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी सोय केलेली असते. वीज वारंवार जाणाऱ्या गावात म्हणूनच बॅटरीसह चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. बॅटरी ठरवताना फक्त रात्रीच्या गरजेची बेरीज करा: दोन बीएलडीसी पंखे आठ तास म्हणजे सुमारे अर्धा युनिट, दिवे आणि मोबाइल मिळून पाव, फ्रिजचं अर्धा. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, तेव्हा ती गरजेच्या दुप्पट क्षमतेची घ्यावी लागते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीतली ८० टक्क्यांहून जास्त वीज वापरता येते.

एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही साखळीत जोडलेल्या सगळ्या पॅनलचं उत्पादन खाली खेचू शकते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला छताचे फोटो काढून ठेवा आणि ते बसवणाऱ्याला दाखवा. पॅनलचं वजन फारसं नसतं, पण वारा त्यांना खालून उचलतो. पत्र्याच्या छतावर सांगाडा नुसत्या पत्र्याला नाही, खालच्या वाशांना किंवा कैचीला जखडलेला आहे ना, हे स्वतः वर चढून किंवा चढलेल्याकडून फोटो मागून बघा.

१०. कागद

अनुदान मिळत असेल तर जरूर घ्या, पण गणित ते नाही असं धरूनच करा. तसंही परवडत असेल तरच सही करा. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या: ग्रीडला दिलेल्या विजेचा दर किती वर्षांसाठी पक्का आहे, अर्ज फेटाळला गेला तर आगाऊ रकमेचं काय, पॅनलची आणि इन्व्हर्टरची हमी वेगवेगळी किती वर्षांची आहे, आणि बिघाड झाल्यावर माणूस किती दिवसांत येईल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर दुसऱ्या विक्रेत्याकडे जा, मग पहिल्याचा दर कितीही कमी असो.