फोटोशॉपमधील रंगदुरुस्ती व्हिडिओवर कशी चढवावी
लग्नमंडपातील पिवळ्या दिव्यांखाली केलेल्या चित्रीकरणात पांढरे उपरणेही हळदीत बुडवल्यासारखे दिसत असेल आणि आपला हात व्हिडिओच्या सॉफ्टवेअरपेक्षा फोटोशॉपवर अधिक बसलेला असेल, तर त्या प्रसंगातील एक प्रातिनिधिक फ्रेम स्थिरचित्र म्हणून काढून फोटोशॉपमध्ये उघडावी. खालचा ‘बॅकग्राउंड’ लेयर तसाच ठेवावा, कारण त्याशिवाय पुढची निर्यात होत नाही, आणि सर्व बदल त्यावरील ॲडजस्टमेंट लेयरमध्येच, म्हणजे मूळ चित्राला हात न लावता रंग बदलणाऱ्या थरांमध्येच, करावेत. त्यांपैकी कर्व्ह्ज या ॲडजस्टमेंटमधील राखाडी ड्रॉपर (टेकवलेला बिंदू राखाडी मानून रंगछटा काढणारे साधन) उपरण्याच्या सावलीतील घडीवर टेकवावा. झगझगीत पांढऱ्या भागात रंगाची माहिती बहुधा उरलेलीच नसते. त्वचेचा रंग मात्र डोळ्यांनीच ठरवावा, ड्रॉपरवर फार विसंबू नये.

त्यानंतर फाइल मेनूतील एक्स्पोर्टमध्ये ‘कलर लुकअप टेबल्स’ निवडून ‘क्यूब’ फाइल, म्हणजे रंगबदलांचा तक्ता, तयार करावी; ती प्रीमियर किंवा दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण क्लिपला लावता येते. या तक्त्यात केवळ एका रंगाच्या जागी दुसरा कोणता घ्यायचा एवढेच नोंदलेले असल्यामुळे मास्क लावून चित्राच्या एखाद्याच भागात केलेली दुरुस्ती किंवा शार्पनिंग त्यातून जात नाही. प्रकाश बदलला की मात्र नवी फ्रेम घेऊन नवा तक्ता करावा.