जुना फोन घेताय? या चुका टाळा

चोर बाजारात पितळी उभा फोन लखलखताना दिसला की नवख्याचा हात आपोआप पाकिटाकडे जातो. विक्रेता सांगतो, "साहेब, अठराशे नव्वदचा पीस आहे, पारशी बंगल्यातला." फोनला तबकडी असेल तर हसून पुढच्या दुकानाकडे वळा. मुंबईत एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झालं खरं, पण तेव्हा नंबर ऑपरेटरला तोंडी सांगावा लागे. भारतातलं पहिलं ऑटोमॅटिक एक्स्चेंज सिमल्याला आलं १९१३-१४ मध्ये. त्याआधी तबकडी फिरवून करायचं काय?

तरीही मोह सुटत नसेल तर फोन उलटा करा. बुडाला अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले, तर 'शंभर वर्षं जुना' ही गोष्ट संपली. ते स्क्रू १९३० च्या दशकातले.

दुसरी चूक जास्त महागात पडते: अर्धाच फोन घरी आणणं. १९२९ च्या ब्रिटिश '१६२ नंबर' मॉडेलचं उदाहरण घ्या: बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, पिरॅमिडसारखा देखणा फोन. त्याच्या पोटात घंटाच नसते. घंटा आणि इंडक्शन कॉइल, कपॅसिटर हे विजेचे भाग वेगळ्या पेटीत असतात. ती पेटी भिंतीवर किंवा फोनच्या बुडाशी बसवायची. जुनं घर रिकामं करताना फोन विकला जातो आणि पेटी भिंतीवरच राहते. मग घेणारा महिनाभर वायरी जोडत बसतो आणि शेवटी 'फोन मेलाय' म्हणतो. सौदा करतानाच विचारा, "याची पेटी कुठाय?" नवशिक्याने बंगळुरूच्या आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या कारखान्याचा) साधा काळा फोन घ्यावा हे बरं, त्याची घंटा आतच असते.

आता माझं पाप. पहिला बेकेलाइट फोन मी पितळ घासायच्या पॉलिशने तासभर घासला. फडकं तपकिरी होत गेलं, मला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो वरचा गुळगुळीत थर. बेकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा मिसळलेला असतो. वरची राळ गेली की तो उघडा पडतो आणि काळा रंग मातकट दिसू लागतो. तो परत येत नाही. ओलसर फडकं, थेंबभर सौम्य साबण आणि लगेच कोरडं पुसणं, एवढंच करा. पाण्यात बुडवू नका. हस्तिदंती किंवा लाल फोन बहुधा बेकेलाइटचा नसतोच. तो ॲक्रिलिकचा असला तर स्पिरिटने त्यावर बारीक तडे जातात.

रिसीव्हर आणि खालच्या डब्यावर वेगवेगळी सालं छापलेली दिसली म्हणून फोन नकली ठरवू नका. इंग्लंडच्या टपाल खात्याच्या वर्कशॉपात जुने सुटे भाग एकत्र करून फोन पुन्हा बांधत असत. सुती वेणीची दोरी मात्र कोणी काढून गुंडाळी प्लास्टिक वायर लावली असेल तर किंमत पाडून मागा. बोलताना खरखर येत असेल तर आधी तीच दोरी हलवून बघा, आतली जरीसारखी तार तुटलेली असते.

डायल टोन येतो पण नंबर लागत नाही? शून्यात बोट घालून तबकडी पूर्ण ओढा आणि सोडा. परतताना तबकडी लाइनवर विजेचे ठोके पाठवते, तीनसाठी तीन, शून्यासाठी दहा. सेकंदाला दहा ठोके हा तिचा वेग, म्हणजे शून्य साधारण सेकंदभरात परतायला हवा. दोन सेकंद लागत असतील तर तेल घट्ट झालंय. शिलाई मशिनचं तेल ओतू नका, घड्याळजीकडे न्या. तबकडी ठीक असेल तर दोष फोन ज्याला जोडलाय त्या नव्या फायबर इंटरनेटच्या डब्याचा. त्यातल्या बऱ्याच डब्यांना हे ठोके कळत नाहीत. मध्ये ठोक्यांचे सूर करून देणारा पल्स-टू-टोन कन्व्हर्टर लावावा लागतो. आवाज बारीक जात असेल तर रिसीव्हर तळहातावर हलकेच आपटा. माइकमधले कोळशाचे कण बसलेले असतात, ते सुटतात.

हँडल फिरवायचा मॅग्नेटो फोन घरच्या लाइनला कधीच जोडू नका. हँडलच्या एका जोरदार फिरकीत ७०-८० व्होल्ट निघतात. फायबरचा डबा जळेल, आणि उघड्या तारेला बोट लागलं तर दोन क्षण हात झिणझिणेल.

राहिलं तबकडीचं कुलूप. शेजारी फुकट फोन करायला येत म्हणून आपल्याकडे बोटाच्या भोकात बसवत तो छोटा गोल तुकडा. आज किल्लीसकट मिळणं कठीण, म्हणून लोक करवतीने कापतात आणि तबकडीचीही वाट लावतात. चौकातल्या किल्लीवाल्याकडे न्या, तो किल्ली बनवून देईल. तोवर नंबर लावायचाच असेल तर आमच्या चाळीतल्या पोरांची युक्ती होती: रिसीव्हर ठेवायची कळ बोटाने टकटक दाबायची, तीनसाठी तीनदा, शून्यासाठी दहादा.