मित्रांसोबत मासळीच्या जेवणाचे बिल वाटताना या चुका टाळा

मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली या पट्ट्यात मित्रांचे टोळके जेवायला बसले की शेवटी कोणीतरी बिलाची रक्कम मोठ्याने वाचतो आणि लगेच "भागिले सहा करून टाका" असे सांगून मोकळा होतो. सर्वांनी साधारण एकच जेवण घेतले असेल तर समान वाटणीत काहीही गैर नाही. पण आपल्या किनाऱ्यावर एकाच टेबलावर शाकाहारी थाळी, बांगडा थाळी, सुरमई थाळी आणि वर सामाईक तळलेला सरंगा असे सगळे एकत्र येते आणि या ताटांच्या किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असतो. तेथे डोळे मिटून भागाकार करणे म्हणजे कमी खाणाऱ्याच्या खिशातून जास्त खाणाऱ्याचे जेवण भरणे होय, आणि मैत्रीच्या नावाखाली हे चालते याचा मला मनापासून राग येतो.

मालवणात एकदा आम्ही सहा जण जेवायला बसलो होतो. एक मित्र सोमवार पाळत असल्यामुळे त्याने २०० रुपयांची शाकाहारी थाळी घेतली. बाकी पाच जणांनी ४५० रुपयांच्या सुरमई थाळ्या मागवल्या आणि त्यांच्यातच १४०० रुपयांचा सरंगा व ३५० रुपयांचे तिसऱ्यांचे सुके झाले. सोलकढीचा ५० रुपयांचा जादा पेला मात्र प्रत्येकाने घेतला. एकूण ४५०० रुपये झाले आणि पाच टक्के जीएसटी धरून बिल ४७२५ रुपयांचे आले. सहाने भागल्यावर प्रत्येकी ७८७ रुपये ५० पैसे निघाले, आणि सोमवारवाल्या मित्राने काही न बोलता फोन बाहेर काढला. त्याचे स्वतःचे खाणे करासह २६२ रुपये ५० पैशांचे होते, म्हणजे तो बरोबर तिप्पट भरणार होता. मी बिल उलटे करून मागे हिशोब मांडला. त्याची रक्कम वेगळी काढली, तर उरलेल्या पाच जणांना प्रत्येकी ८९२ रुपये ५० पैसे, म्हणजे फक्त १०५ रुपये जास्त, भरावे लागत होते. चौघांनी ते तत्काळ मान्य केले, पाचव्याने मात्र "मित्रांमध्ये एवढा हिशोब कसला?" असे ऐकवलेच. वाटणी योग्य झाली, तरी ज्याच्यासाठी हे केले तो मित्र परतीच्या वाटेवर अवघडूनच होता, कारण भरल्या टेबलावर त्याच्या ताटाची चर्चा झाली होती.

म्हणूनच वाटणीची पद्धत बिल आल्यावर ठरवणे, हीच माझ्या मते सर्वांत मोठी चूक आहे. त्या क्षणी कोणताही निर्णय घेतला तरी कोणाचे तरी ताट उघडे पडते आणि ज्याला बोलायचे असते तोच गप्प बसतो. वेटर पाणी ठेवायला आला की मी एकच वाक्य बोलतो: "थाळ्या ज्याच्या त्याच्या, मासे खाणाऱ्यांत सामाईक." तेव्हा अजून कोणी काही मागवलेले नसते, त्यामुळे ते वाक्य कोणा एकाला लागत नाही. हे बोलण्यात ज्यांना कमीपणा वाटतो, तेच पुढे पार्किंगमध्ये उभे राहून कुजबुजत हिशोब करताना मी पाहिले आहेत.

दुसरी चूक किनाऱ्यावर हमखास होते. मेनूकार्डावर सरंगा, शेवंड, मोठ्या कुर्ल्या यांच्यापुढे आकडा नसतो, "साइझप्रमाणे" एवढेच लिहिलेले असते. गटातील एखादा उतावळा "मोठ्यातला मोठा आणा" असे सांगून टाकतो, आणि किंमत कळते तेव्हा माशाचे काटेच उरलेले असतात. मासा तव्यावर जाण्यापूर्वी तो समोर आणून दाखवायला सांगावे, दर विचारावा आणि तो आकडा टेबलावर सर्वांना ऐकू येईल असा उच्चारावा. विचारण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. येथील हॉटेलवाल्यांना या प्रश्नाची सवय असते. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा तर दर विचारल्याशिवाय मासा मागवूच नये. इतरांना न विचारता कोणी मागवला, तर तो मासा मागवणाऱ्याच्या नावावर लिहावा. मी याबाबतीत सवलत देत नाही.

घरगुती खानावळीत जेवण आधी सांगावे लागते, विशेषतः उकडीचे मोदक किंवा कोंबडी-वडे हवे असतील तर. आठ ताटे सांगून सहा जण पोहोचले, तर उरलेल्या दोन ताटांचे पैसे न आलेल्यांनीच द्यावेत, आणि आलेल्यांनी खानावळीच्या काकूंशी त्यावरून घासाघीस करू नये. बाजार करून, नारळ खवून त्यांचे काम केव्हाच झालेले असते. त्याच काकूंकडे सहा वेगवेगळी बिले मागणेही अयोग्य आहे. एकाने पूर्ण रक्कम द्यावी आणि वाटणी आपापसात करावी. अशा ठिकाणी फोनला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी.

मद्याचा हिशोब जेवणात मिसळू नये. त्यावर जीएसटी नसून राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे तो आकडा वेगळा काढणे सोपे असते, आणि न पिणाऱ्याने त्यात एक रुपयाही देण्याचे कारण नाही.

भाड्याच्या गाडीच्या चालकाचे जेवण सर्वांत सारखे वाटावे.

बिल न वाचता भागणे ही आळशीपणाची चूक आहे. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरणाऱ्या लहान हॉटेलांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही आणि तशी नोंद त्यांच्या बिलावर असावी लागते. सेवाशुल्क परस्पर बिलात जोडण्यास केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यामुळे बिलात सेवाशुल्काची ओळ दिसली तर ती काढून घ्यावी आणि मगच वाटणी करावी. वाढणाऱ्याला खुशीने काही द्यायचे असेल तर ते हातात द्यावे.

मुंबई-पुण्याहून आलेले मित्र रत्नागिरीच्या स्थानिक मित्राला प्रत्येक वेळी गल्ल्याकडे धावू देतात, हे मला खटकते. पाहुणचार म्हणून एक जेवण त्याच्याकडून आनंदाने घ्यावे, पुढची बिले मात्र त्याला धरून सर्वांनी वाटावीत.

ज्याने पैसे भरले त्यानेही दिरंगाई करू नये. यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे पैशांची विनंती पाठवण्याची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, त्यामुळे आकडा कळवण्याचे काम आता निरोपानेच करावे लागते. मी बिलाचा फोटो, प्रत्येकाच्या नावापुढे त्याची रक्कम आणि माझा क्यूआर कोड असे तिन्ही त्याच संध्याकाळी पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा आठवण करतो, आणि त्यानंतरही ज्याचे पैसे येत नाहीत त्याला पुढच्या जेवणाचे बिल पहिल्यांदा भरायला सांगतो.