ब्रिटिश निवडणुकीचे जुने कागद शोधताना नाव नको, मतदारसंघ टाका

दादाभाई नौरोजी १८९२मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले, त्या निवडणुकीचे कागद ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधताना नुसतं नाव टाकलं, तर बरंच काही निसटतं. त्या काळच्या इंग्रजांनी त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग वाटेल तसं केलंय. (जेमतेम ५ मतांनी जिंकल्यावर नौरोजी या नावावर ‘नॅरो-मेजॉरिटी’, म्हणजे निसटतं बहुमत, अशी कोटीही झाली होती!) त्यापेक्षा असं करा:

१. आधी त्यांचा लंडनमधला मतदारसंघ टाका, तोही उलटसुलट: ‘सेंट्रल फिन्सबरी’, मग ‘फिन्सबरी सेंट्रल’.

२. सोबत वर्ष टाका. वर्तमानपत्रं चाळणार असाल तर एकच तारीख धरू नका. १९१८च्या आधी सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान जागोजागी वेगवेगळ्या दिवशी व्हायचं. १८९२मध्ये ते ४ ते २६ जुलै चाललं होतं. माझी पहिली संध्याकाळ यातच वाया गेली.

३. प्रचाराचा मजकूर हवा असेल तर ‘इलेक्शन अ‍ॅड्रेस’ शोधा. इथे अ‍ॅड्रेस म्हणजे पत्ता नव्हे, उमेदवाराने मतदारांना छापून वाटलेलं आवाहन. नॅशनल लिबरल क्लबने जमवलेली अशी पत्रकं ब्रिस्टल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.

हीच युक्ती दादाभाईंनंतर ब्रिटिश संसदेत निवडून गेलेल्या मंचरजी भावनगरींसाठीही चालते. तिथे १८९५ आणि ‘बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्ट’ टाका.

एक मात्र सांभाळा: कोणी कोणाला मत दिलं हे नावानिशी सांगणारी ‘पोल बुकं’ या दोघांच्या निवडणुकांसाठी शोधू नका. १८७२च्या कायद्याने मतदान गुप्त झालं. त्यानंतर मिळते ती फक्त मतदारयादी.